राख जड झाली

धाकट्याला अंगठा चाटायची सवय होती. वहीचं पान उलटायचं तरी अंगठा जिभेला, नोटा मोजायच्या तरी अंगठा जिभेला, आणि पत्ते वाटायला बसला की दर तिसऱ्या पत्त्याला. लहानपणी आई हातावर चापट मारायची. आई गेली, चापट गेली, सवय मात्र चाळिशी ओलांडून पुढे आली. थोरली बहीण रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसाला दोनशे लोकांच्या नको त्या गोष्टी बाटल्यांतून तिच्या हाताखालून जात आणि तिला कधी काही वाटत नसे. पण भावाचा ओला अंगठा पत्त्यावर टेकला की ती मान फिरवायची. तीन वर्षं दर रविवारी मान फिरवत होती, तरी तीन वर्षं ती दर रविवारी येत होती. कारण त्या खोक्यातल्या दोनशे चाळीस पत्त्यांपैकी साठ तिचे होते.

खेळ धाकट्याचा, असं सगळे म्हणत. म्हणजे सगळ्यांत आधी तो स्वतः म्हणे, मग बाकीचे. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली. खोलीत कागद कापायचं जुनं यंत्र, भिंतीला लावून ठेवलेले कागदाचे गठ्ठे, तापलेल्या शाईचा वास, आणि मधोमध चार खुर्च्यांचं टेबल. रविवारी दुपारी दुकानाचं शटर ओढून तिथे चौघं बसत: धाकटा, त्याची बायको, भावंडांचा मामा आणि थोरली. मामा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला. त्याला आता मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो येई.

खेळात चार गट होते. मुंग्या बारीक आणि स्वस्त, झुंडीने येणाऱ्या. डोंगर उशिरा येणारे, पण आले की हलत नसत. चोर दुसऱ्याची पानं पळवायचे. आणि चौथी राख. सगळी पानं एकत्र पिसायची आणि प्रत्येकापुढे पंधरा पानांचा गठ्ठा ठेवायचा. त्यातलं एक पान आपल्याला घ्यायचं आणि उरलेला गठ्ठा डावीकडच्याला सरकवायचा. उजवीकडून आपल्याकडे येईल त्यातलं पुन्हा एक घ्यायचं. असे तीन गठ्ठे संपले की जमलेल्या पानांतून तीस निवडून आपला डेक बांधायचा आणि एकेकाशी लढायचं. प्रत्येक पान टेबलावर आणायला त्याच्यावर लिहिलेले दाणे मोजायचे. काय येतंय ते बघून कुठल्या गटाकडे वळायचं ते ठरवावं, यात सगळी गंमत. चारही गट तोलात असले तरच ती गंमत टिकते, नाहीतर सगळे एकाच गटावर तुटून पडतात आणि खेळ संपतो.

राख थोरलीने लिहिली होती. प्रयोगशाळेतल्या बाद फॉर्मांच्या पाठीवर, चहाच्या सुट्टीत, सात महिने लावून. इतर गटांत टाकलेलं पान मेलं ते मेलं. राखेत ते परत येतं, पण फुकट येत नाही, येताना काहीतरी मागतं. कधी काय टाकावं आणि कशासाठी उकरून काढावं, एवढाच त्या गटाचा खेळ. घाई करणाऱ्याला राख काही देत नसे. 'शिळी ठिणगी', 'उकरणारा', 'निखारा झाकून ठेवणारी'. नावंसुद्धा तिने आठ-आठ दिवस तोंडात घोळवून ठेवली होती. आयुष्यात ही एकच गोष्ट तिने कोणी न सांगता केली होती. धाकट्याने ती अक्षरासकट जाड कागदावर झेरॉक्स केली, कापली, प्लास्टिकच्या पिशव्यांत सरकवली, आणि राख खेळात आली.

या घरात मात्र गट बघून कोणी वळत नसे. जशी खुर्ची ठरलेली तसा गट ठरलेला. मामा डोंगर, भावजय मुंग्या, धाकटा चोर, थोरली राख. समोर सोन्याचं पान आलं तरी ते आपल्या गटाचं नसेल तर पुढे ढकलायचं. आणि चौघांच्या या हट्टाला धाकटा 'नोंद' म्हणायचा. कपाटाच्या दारावर त्याने एक तक्ता चिकटवला होता. दर रविवारी जो गट जिंकेल त्याच्या खाली एक रेघ. एकशे चाळीस रविवारांत मुंग्यांच्या एकवीस रेघा, डोंगरांच्या बावीस, चोरांच्या चौतीस आणि राखेच्या त्रेसष्ट.

खेळ संपला की धाकटा वही उघडायचा, अंगठा चाटून पान उलटायचा, पेन्सिल कानावरून काढायचा आणि विचारायचा, "ताई, आज कशाने जिंकलीस?"

आणि थोरली सांगायची. खरं खरं, विचार करून, धाकट्या भावाने विचारलं म्हणून कौतुकाने सांगायची. आज शिळ्या ठिणगीने जिंकले. आज उकरणाऱ्याने वेळ निभावून नेली. पुढच्या रविवारी शिळ्या ठिणगीला एका दाण्याऐवजी दोन दाणे पडायचे. उकरणारा एका डावात एकदाच उठायचा. नवीन पान धाकट्याच्या अक्षरात असायचं आणि जुनं कागदाच्या यंत्राखालच्या टोपलीत, चार तुकडे होऊन. "राख जड झालीय ताई, जरा हलकी करतो," तो म्हणायचा. थोरली मान डोलवायची. पुढच्या रविवारी ती दुसरं काहीतरी शोधून पुन्हा जिंकायची आणि पुन्हा सांगायची कशाने जिंकली ते. स्वतःच्या गाईची वाट कसायाला दर आठवड्याला दाखवावी, तसा तो प्रकार होता, आणि तिला तीन वर्षं तो कळला नाही.

कळला तो या आठवड्यात, आणि तोही कामावर. एका माणसाच्या रक्तातली साखर अशक्य वाटावी इतकी आली. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, यंत्रच बिघडलंय, आकडा कमी करून लिहूया का? थोरली वर न बघता म्हणाली, "यंत्राला कशाला दोष देतेस? तोच नमुना दुसऱ्या यंत्रावर लाव. तिथेही तेवढीच आली तर साखर माणसात आहे." बावीस वर्षं ती हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत आली होती. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि ती काचपट्टी हातात धरून रविवारच्या तक्त्याचा विचार करत तशीच उभी राहिली. दुसऱ्या यंत्रावरही साखर तेवढीच आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिचं झालं होतं. पहिली शिसारी तिला स्वतःचीच आली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं होतं. खेळ छापणाऱ्या एका कंपनीने धाकट्याचं खोकं पसंत केलं होतं. अट एकच: कोणताही गट शंभरातल्या तिसाहून जास्त वेळा जिंकता कामा नये. त्यांची बाई रविवारी स्वतः येऊन एक खेळ बघणार आणि सोमवारी सगळं छपाईला जाणार. धाकट्याने तक्ता बघितला, राख शंभराला पंचेचाळीस निघाली, आणि त्याने एका रात्रीत राखेची अकरा पानं एकदम कापून त्यांच्या जागी हलकी पानं घातली. हे त्याने फोनवर सांगितलं, जणू दाढी केली असं सांगावं तसं.

म्हणून या रविवारी थोरली अर्धा तास आधीच गेली. कंपनीची बाई अजून यायची होती. टेबलावर नवं कोरं नमुन्याचं खोकं होतं. मागच्या बाजूला छापलं होतं: संकल्पना, रचना, मांडणी, आणि तिन्ही शब्दांपुढे धाकट्याचं नाव. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: आभार, घरची मंडळी.

तिने खोकं पालथं घालून ठेवलं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "त्याबद्दल नंतर बोलू. आधी राख होती तशी कर. निदान ती अकरा पानं."

"ताई, अगं, तक्ता बघ ना."

"तक्ता चुकीचा आहे."

"आकडे कधी चुकीचे असतात का?" धाकटा वेफर्सची पिशवी फोडत म्हणाला. "त्रेसष्ट रेघा आहेत. मी मनाच्या मारल्या का?"

"रेघा बरोबर आहेत. कशाच्या आहेत ते चूक आहे. राख माझ्याशिवाय कोणी खेळलंय? कधी तरी? तू?"

"मी कशाला खेळू? माझे चोर आहेत."

"तेच म्हणतेय मी."

त्याने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी माणसं फार शिकलेल्या नातेवाइकाकडे बघतात. मग वेफरचे तेलकट कण बोटांवरून चाटून घेतले आणि त्याच बोटांनी गठ्ठा पिसायला घेतला. "आजचा दिवस नको ना हे," तो म्हणाला. "बाई येतेय. राख आता अगदी बरोबर बसलीय, तू खेळून तर बघ."

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. पण ती बसली. आता बोलून उपयोग नव्हता, नमुना दुसऱ्या यंत्रावर लावायलाच हवा होता.

कंपनीची बाई वेळेवर आली. पन्नाशीची, आखूड केसांची, मोजकं बोलणारी. तिने चहाला नको म्हटलं आणि खुर्ची अशी ओढून बसली की चौघांचे हात दिसावेत. मामाने तिला डोंगरांचं माहात्म्य सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही खेळा, मी बघते." मामाला हा अपमान पचवायला दोन बिस्किटं लागली.

पानं वाटली गेली. थोरलीने पहिला गठ्ठा उचलला. राखेची चार पानं होती त्यात, पैकी तीन भावाच्या अक्षरातली. तिने ती एकेक करून बघितली आणि मुंग्यांचं एक साधं पान काढून घेतलं, 'वाट दाखवणारी'. उरलेला गठ्ठा डावीकडे, भावजयीकडे सरकवला. पुढच्या गठ्ठ्यातूनही मुंगी. त्याच्या पुढच्यातूनही.

चौथ्या फेरीला भावजय चुळबुळ करू लागली. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यातल्या मुंग्या कोणीतरी आधीच वेचून घेतलेल्या असत, आणि राखेची पानं मात्र ढिगाने येत. "आज माझ्या मुंग्या कुठे गेल्या?" ती म्हणाली. ती स्वभावाने गरीब होती, समोर येईल ते घेणारी. सातव्या फेरीला तिने सुस्कारा सोडून राखेचं एक पान घेतलं, मग दुसरं, आणि मग घेतच गेली.

तिन्ही गठ्ठे संपले, डेक बांधले गेले, आणि थोरलीने पहिली मुंगी टेबलावर ठेवली. तेव्हा धाकट्याने तिच्याकडे बघितलं.

"ताई, हे काय?"

"मुंगी आहे. तूच छापलीस."

पहिला डाव मामाशी. मामाचा पहिला डोंगर येईपर्यंत टेबलाची त्याची बाजू मुंग्यांनी भरली होती. मामाने डोंगर ठेवला, त्याच्याकडे समाधानाने बघितलं, आणि तो हरलेला होता. "असं कसं?" तो म्हणाला. दुसरा डाव भावजयीशी, तिची राख विरुद्ध थोरलीच्या मुंग्या. तो डाव बघवत नव्हता. भावजय पानं टाकत होती, ती उठवायला दाणे पुरत नव्हते, उठलेलं पान एकदाच उठत होतं आणि मरत होतं. नऊ मिनिटांत संपलं. तिसरा धाकट्याशी. त्याने तिच्या तीन मुंग्या चोरल्या, पण मुंग्या चोरून कोणाचं भलं झालंय? उरलेल्या अकरांनी त्याला खाऊन टाकलं.

भावजय मामाशीही हरली आणि नवऱ्याशीही हरली. राख तिन्ही डाव आडवी.

धाकट्याने वही उघडली. अंगठा जिभेवर गेला. थोरली वाट बघत होती. आता तरी हा तक्त्याकडे बघेल, असं तिला खरोखर वाटलं.

"मुंग्या जड झाल्यात," धाकटा म्हणाला आणि लिहू लागला. मग बाईंकडे वळून हसला. "म्हणून तर सतत तपासत राहावं लागतं, मॅडम. वाट दाखवणारीला एक दाणा वाढवतो."

बाईंनी विचारलं, "आणि राख? ती तिन्ही डाव हरली."

"ते हिला येत नाही म्हणून," धाकट्याने बायकोकडे बोट केलं. "नाचता येईना अंगण वाकडं. राखेत काही खोट नाही."

भावजयीने मान खाली घातली आणि टेबलावरचे वेफर्सचे तुकडे वेचून मुठीत गोळा करायला लागली. थोरलीला हे ऐकून इतकी किळस आली की तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. बहीण जिंकली तर पान जड. बायको हरली तर बायको हलकी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माणसांसाठी होती. याने ती कागदाच्या पत्त्यांना लावली होती, आणि पत्ते जिंकवण्यासाठी माणसं हरवत होता.

"डेक बदल," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या मुंग्या तू घे. तुझे चोर मला दे. पुन्हा खेळू. मुंग्या जड आहेत ना, मग तू जिंकशील."

मामा म्हणाला, "अगं, झालं ना आता, बाईंना उशीर होत असेल." बाई म्हणाली, "मला उशीर होत नाहीये."

धाकट्याने मुंग्या घेतल्या. त्या घेताना त्याच्या चेहऱ्यावर उगाच आत्मविश्वास होता, उधारीची गाडी चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो तसा. त्याने सगळ्या मुंग्या एकदम बाहेर काढल्या. थोरलीने चोरांना थांबवून ठेवलं. त्याचे दाणे संपले, मग तिने एकच पान चोरलं, वाट दाखवणारी. वाट दाखवणारी गेल्यावर बाकीच्या मुंग्या नुसत्या उभ्या राहिल्या. जे चोर तो तीन वर्षं घाईघाईने दिसेल ते पळवायला वापरत होता, त्यांनी त्याला पंधरा मिनिटांत निजवलं.

धाकट्याने पेन्सिल उचलली, वहीवर टेकवली, आणि थांबली ती त्याच्या हातातच. चोर जड झाले असं लिहायला त्याचा हात धजेना. चोर त्याचे स्वतःचे होते.

"आज तुझं नशीब जोरावर आहे, ताई," तो शेवटी म्हणाला.

नशीब. थोरलीने तो शब्द ऐकला आणि तिला वाटलं, एखाद्याने तिच्या ताटात शिंकावं तसं झालं. राग आला असता तर बरं होतं. रागात निदान समोरच्याला आपल्या बरोबरीचं मानलेलं असतं. हे तसं नव्हतं. हा माणूस तिच्या पाठीवर जन्मलेला होता, तिने याचं नाक पुसलं होतं, आणि याला तिच्या डोक्यात काही असू शकतं एवढी शंकासुद्धा येत नव्हती. पानात जोर असेल, दाण्यात असेल, नशिबात असेल, ताईमध्ये कसा असेल?

"आता राख घेऊन बघता का?" बाईंनी तिला विचारलं.

भावजयीने आपला डेक दोन्ही हातांनी पुढे केला, परत देताना ओझं उतरल्यासारखा. थोरलीने तो उघडून बघितला. शिळी ठिणगी आता तीन दाण्यांची होती, एका डावात एकदाच, आणि कोणतं पान परत यावं ते समोरच्याने ठरवायचं. निखारा झाकून ठेवणारी निखारा झाकत नव्हती, नुसतीच बसून होती. उकरणाऱ्याला उकरायची परवानगी नव्हती. तिच्या साठ पानांना याने जिवंत ठेवून हातपाय तोडले होते.

तरीही ती जीव ओतून खेळली. धाकट्याने आपले चोर परत घेतले होते. तासभर डाव चालला. तो चोरणार त्या पानांवर तिने सापळे लावले, तीन दाण्यांची ठिणगी नेमक्या वेळेला वापरली, त्याला नको ते पान परत द्यायला भाग पाडलं. प्रत्येकाला वीस जीव असत. त्याचा एक जीव उरला आणि तिचा एकही नाही. एका जिवाने ती हरली.

धाकट्याने टेबलावर थाप मारली. वेफर्सची पिशवी उडाली. "बघा," तो बाईंना म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला होता, त्यात लबाडी काही नव्हती. "म्हटलं नव्हतं? राख आता अगदी तोलात आली."

म्हणजे तिचं हरणं हाच तोल होता. एकशे चाळीस रविवार तो तेवढंच मोजत होता. थोरलीला क्षणभर त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती तक्त्याकडे बघत राहिली. त्यातली एकही रेघ गटाची नव्हती. चार माणसांच्या रेघा होत्या, आणि हा माणूस रेघा कमी करण्यासाठी माणूस झिजवत होता.

बाईंनी हातातली फाइल मिटवून मांडीवर ठेवली. "राखेचा गट लिहिला कोणी?" तिने विचारलं. "बाकीच्या तिघांहून वेगळा हात दिसतो."

थोरली भावाकडे बघत होती. एवढं तरी तो सांगेल. ते सांगायला पैसे पडत नव्हते.

"घरातलंच सगळं," धाकटा म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून असंच बसल्या बसल्या..."

थोरली उठली. तिने खोकं पुढ्यात ओढलं, टेबलावरची आणि खोक्यातली सगळी पानं उलगडली, आणि त्यांतून राख वेगळी काढायला लागली.

"ताई, काय करतेयस?"

"तीन वर्षं तू एकेक पान हलकं करत होतास. मी एकदम करते."

"अगं, उद्या छपाईला जायचंय," मामा म्हणाला. "घरचं भांडण घरात. आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात त्याचे आहेत, मामा. ओठ माझे आहेत," थोरली म्हणाली आणि पानं वेचत राहिली.

साठ झाली. मग ती त्यांचे दोन भाग करायला लागली. जे पान भावाच्या अक्षरात होतं ते डावीकडे, जे तिच्या अक्षरात होतं ते उजवीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला. उजवीकडे पान पडायला वेळ लागत होता. सगळं झाल्यावर तिने उजवीकडची मोजली. नऊ होती. तिला वीस-पंचवीस तरी वाटली होती.

तिने डावीकडचा ढीग धाकट्याच्या पुढ्यात सरकवला. "ही एक्कावन्न तुझी." मग पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला, प्रयोगशाळेतला, आणि ती नऊ पानं पुसायला बसली. प्लास्टिकवर तेलाचे डाग होते, सुकलेल्या थुंकीच्या कडा होत्या. पुढून पुसलं, मागून पुसलं, कोपरे पुसले. स्पिरिटचा वास खोलीभर झाला. तिने घाई केली नाही.

"नऊ पानांचा गट होत नाही," बाई म्हणाली.

"नाही होत. बाकीची एक्कावन्न मला पाठ आहेत, पहिल्या दिवशी होती तशी. ज्या खोक्यावर माझं नाव असेल त्यासाठी लिहून देईन. या खोक्यासाठी नाही."

बाईंनी खोकं उलटं करून मागची अक्षरं वाचली, अगदी खालपर्यंत. मग धाकट्याला म्हणाली, "हे उद्या जात नाहीये. चौघांनी चारही गट आलटून पालटून खेळून नवा तक्ता करा, आणि कोणी काय लिहिलंय ते कागदावर आणा. मग बघू." तिने थोरलीकडे आपला पत्ता छापलेलं कार्ड दिलं आणि शटर अर्धं उचलून, वाकून बाहेर पडली.

मामा म्हणाला, हातचा घास गेला. भावजय म्हणाली, अगदी हळू, "मला राख बरी वाटली असती, ती आधीची असती तर." तिच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं. थोरलीने ती नऊ पानं पर्समध्ये टाकली आणि जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती दारात चपला घालत होती तेव्हा धाकटा मागून आला. त्याचा चेहरा उतरला होता, डोळे लहानपणी चेंडू हरवल्यावर व्हायचे तसे झाले होते. थोरलीचं मन, म्हटलं तर मूर्खच, जरा हललं. त्याने चुकलं म्हणायची खोटी होती. तिने पर्समधल्या नऊ पानांवर हात ठेवला आणि थांबली.

त्याच्या हातात वही होती. त्याने अंगठा जिभेला लावला, नवं पान उलटलं, आणि कानावरची पेन्सिल काढली.

"ते सगळं राहू दे, ताई. पण एक खरं सांग," तो म्हणाला. "आज मुंग्यांत नक्की कशाने जिंकलीस?"

थोरलीने दुसरी चप्पल घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला उत्तर दिलं नाही.